प्रश्न आपला, शोध आपला

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मुक्त विद्यालयाचा अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेक जण स्वतः आई-वडील आहेत. दिवसभराचे काम संपवून आपण आपली पुस्तके उघडतो, त्याच वेळी शेजारी बसलेले मूल शाळेतून मिळालेला 'प्रकल्प' पूर्ण करीत असते. पूर्वी अशा वेळी मूल विचारीत असे, "आई, हे कोणाला विचारू?" आता ते मोबाइल हाती घेते, दोन-चार शब्द लिहिते आणि क्षणभरात समोर आलेला मजकूर वहीत उतरवून घेते. आपल्याला वाटते, 'हे नवे यंत्र मुलांनाच कळते. आपले शिक्षण अर्धवट राहिले. आपण त्यांना काय शिकवणार?'

ही समजूत खरी नाही. यंत्र कसे चालवायचे हे मुलांना लवकर कळते, हे मान्य. पण काय विचारावे, मिळालेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, दोन माणसे दोन गोष्टी सांगत असतील तर खरे-खोटे कसे करावे, हे व्यवहाराने शिकवलेले शहाणपण मोठ्या माणसांपाशीच असते. इंटरनेटवरील शोधकार्याला नेमके तेच लागते. हे शहाणपण मुलांपर्यंत कसे पोहोचवावे, ते या पाठात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या साहाय्याने पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• शोधयंत्राचे कार्य सोप्या शब्दांत सांगता येईल;
• विस्तृत विषयातून नेमका प्रश्न तयार करता येईल;
• योग्य शोधशब्द निवडता येतील;
• मिळालेल्या माहितीची पारख करता येईल;
• मुलांना शोधकार्यात मार्गदर्शन करता येईल.

२. शोधयंत्र म्हणजे काय?

एखाद्या जाडजूड ग्रंथात 'कापूस' या पिकाविषयी कोठे लिहिले आहे हे पाहायचे असेल, तर आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी दिलेली सूची उघडतो, तेथे 'कापूस' हा शब्द पाहतो आणि त्यापुढे दिलेल्या पानांवर जातो. शोधयंत्र हे अशाच एका अवाढव्य सूचीचे काम करते.

संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यावर माहितीची पाने परस्परांशी जोडून ठेवण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडली. त्यातून विश्वव्यापी जाळे निर्माण झाले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पानांची संख्या झपाट्याने वाढू लागली, तेव्हा हवे ते पान शोधून देणाऱ्या साधनाची गरज भासली. अनेक शोधयंत्रे आली आणि गेली. त्यांपैकी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलचे नाव आज इतके रुळले आहे की 'शोधणे' या अर्थी लोक 'गूगल करणे' असेच म्हणतात.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचे स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात अखंड फिरत असतात. दुसऱ्या टप्प्यात या पानांवरील शब्दांची सूची तयार होते. आपण शब्द लिहिले की तिसरा टप्पा सुरू होतो: ते शब्द ज्या पानांशी जुळतात ती पाने विशिष्ट क्रमाने आपल्यापुढे मांडली जातात. हा क्रम लावताना शब्द किती जुळतात, इतर किती पाने या पानाकडे बोट दाखवतात, पान किती ताजे आहे, अशा अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. शोधयंत्र जुळणारी पाने शोधते. त्या पानांवर लिहिलेले खरे आहे की नाही, याची हमी ते देत नाही. पहिल्या क्रमांकाचे पान अधिक लोकप्रिय असू शकेल, पण ते अधिक खरे असेलच असे नाही. कित्येकदा सर्वांत वर दिसणारी पाने पैसे देऊन तेथे आलेल्या जाहिराती असतात आणि त्यांच्यावर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मुलांना शिकवायचा पहिला धडा हाच: आधी 'प्रायोजित' हा शब्द कोठे दिसतो ते पाहा.

३. आधी प्रश्न, मग शोध

आता उदाहरणाकडे वळू. समजा, नोकरीनिमित्त लखनौ शहरात स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. घरात मराठी बोलतात, मुलगी सातवीत हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकते आणि आई मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. शाळेने प्रकल्प दिला आहे: 'आपल्या शहरातील एक जुनी शिक्षणसंस्था'. मुलीने मोबाइलवर 'लखनऊ' एवढेच लिहिले. समोर आले इमामबाडे, कबाब, चिकनकारीची दुकाने, हवामान आणि रेल्वेगाड्यांची वेळापत्रके.

"आई, यात शाळेचं काहीच नाही गं."

"तू विचारलंस तरी कुठे? बाजारात जाऊन नुसतं 'द्या' म्हटलं, तर दुकानदार काय देईल?"

आईचे हे एक वाक्य शोधकार्याचे मर्म सांगते. 'लखनौ' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मुलांना विषय दिला जातो. त्यातून प्रश्न तयार करणे हे त्यांचे पहिले काम असते आणि ते मोबाइल हाती घेण्यापूर्वी, कागद-पेन्सिलीने करायचे असते. त्यासाठी मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात. तुला या विषयातले आधीपासून काय ठाऊक आहे? काय ठाऊक नाही? त्यांपैकी कोणती गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते?

मुलीला ठाऊक होते की शहरातील कैसरबाग भागात संगीताचे एक मोठे विद्यापीठ आहे आणि त्याला 'भातखंडे' हे नाव आहे. आई म्हणाली, "भातखंडे तर आपल्याकडचं आडनाव. ते इथे लखनौत कसं आलं?" हाच प्रश्न ठरला: लखनौतील संगीत विद्यापीठाला एका मराठी माणसाचे नाव का दिले गेले?

या प्रश्नाचे गुण पाहा. तो लहान आहे, त्याचा शोध घेता येतो, त्याचे उत्तर एका शब्दात संपत नाही आणि मुख्य म्हणजे तो मुलीला स्वतःचा वाटतो. जो प्रश्न आपला नसतो, त्याचे उत्तर मूल केवळ उतरवून काढते. जो आपला असतो, त्याच्या मागे ते जाते.

४. शब्दांची निवड

प्रश्न ठरला की त्यातील महत्त्वाचे शब्द निवडावेत. शोधयंत्रापुढे पूर्ण वाक्य लिहिले तरी चालते. परंतु नेमके शब्द निवडण्याची सवय मुलांना लागली, तर विचारातही नेमकेपणा येतो. वरील प्रश्नातील महत्त्वाचे शब्द आहेत: भातखंडे, लखनौ, संगीत, विद्यापीठ, स्थापना.

येथे आपल्या भाषांची एक गंमत ध्यानात घ्यावी लागते. मराठीत आपण 'लखनौ' लिहितो, तर हिंदीत 'लखनऊ'. मराठीत 'भातखंडे' असे अनुस्वाराने लिहिले जाते, तर हिंदीत पुष्कळदा 'भातखण्डे' असे लिहिलेले आढळते. 'विद्यापीठ' या मराठी शब्दासाठी हिंदीत सामान्यतः 'विश्वविद्यालय' हा शब्द येतो. आजची शोधयंत्रे अशी निरनिराळी रूपे बऱ्याच वेळा ओळखतात. तरीही मराठी रूपे लिहिली की मराठी पाने आणि हिंदी रूपे लिहिली की हिंदी पाने अधिक दिसतात. म्हणून एकाच प्रश्नाचा शोध दोन-तीन भाषांत घ्यावा. दोन भाषा जाणणाऱ्या घरातील मुलांचे हे मोठे भांडवल आहे. मराठीत महाराष्ट्राच्या अंगाने लिहिलेली हकिकत मिळेल, हिंदीत लखनौच्या अंगाने लिहिलेली मिळेल आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की चित्र पुरे होऊ लागेल.

दुसरी अडचण नावांची. काळाबरोबर संस्थांची नावे बदलतात. हे विद्यापीठ १९२६ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव 'मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक' असे होते. सर विल्यम मॅरिस हे तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे गव्हर्नर होते. त्यांच्यावरून हे नाव पडले. १९६६ मध्ये राज्य शासनाने ही संस्था आपल्याकडे घेतली आणि तिला भातखंडे यांचे नाव दिले. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ती 'भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय' या नावाने ओळखली जाते. ज्याला 'मॅरिस कॉलेज' हे नाव ठाऊक नाही, त्याला या संस्थेची पहिली चाळीस वर्षे सापडणे कठीण! म्हणून पहिल्या शोधात जे नवे नाव सापडेल, ते टिपून घेऊन त्या नावाने पुन्हा शोध घ्यावा. शोध एका फेरीत संपत नाही. पहिली फेरी दुसऱ्या फेरीचे शब्द हाती देते.

शब्दांच्या बाबतीत आणखी दोन युक्त्या उपयोगी पडतात.

(अ) दोन-तीन शब्द याच क्रमाने एकत्र हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. "मॅरिस कॉलेज" असे लिहिल्यास मॅरिस नावाची इतर माणसे आणि इतर कॉलेजे बरीचशी गळून पडतात.

(आ) नको असलेला शब्द वगळण्यासाठी त्यापूर्वी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह द्यावे. 'भातखंडे संगीत -प्रवेश' असे लिहिले, तर प्रवेशप्रक्रियेच्या जाहिराती कमी होतात.

पाठगत प्रश्न १

(१) शोधयंत्राची तुलना ग्रंथाच्या कोणत्या भागाशी केली आहे?
(२) 'लखनौ' हा विषय आहे, प्रश्न नव्हे, असे का म्हटले आहे?
(३) संस्थेची जुनी नावे माहीत असणे का आवश्यक असते?

५. सापडलेल्या माहितीची पारख

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' अशी आपल्याकडे म्हण आहे. छापील किंवा पडद्यावर दिसणारे अक्षर खरेच असते, हा समज सोडल्याशिवाय पारख सुरू होत नाही. आपल्या उदाहरणातील मुलीला दुसऱ्या फेरीत भरपूर पाने सापडली. एका पानावर लिहिले होते की या कॉलेजची स्थापना पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी केली. दुसऱ्या पानावर होते की ती राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांनी केली.

"आई, यातलं एक खोटं असणार ना?"

"घाई नको. आपलं घर कोणी बांधलं? आजोबांनी बांधलं म्हणतो आपण. पण विटा तर गवंड्यानं रचल्या."

आईने सुचवलेली ही वाट योग्य होती. दोन विधाने परस्परविरुद्ध दिसली की लगेच एक खोडून टाकू नये. तिसरा आणि चौथा आधार पाहावा आणि 'स्थापना' यासारखा शब्द कोणी कोणत्या अर्थाने वापरला आहे, याचा विचार करावा. अधिक वाचल्यावर उलगडा झाला. भातखंडे यांचे संगीतशिक्षणाविषयीचे विचार, अभ्यासक्रम आणि पुस्तके यांवर ही संस्था उभी राहिली. राय राजेश्वर बली हे त्या काळी संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री होते. त्यांनी आणि राय उमानाथ बली यांनी संस्था प्रत्यक्षात येण्यासाठी लागणारे बळ व व्यवस्था उभी केली. म्हणजे दोन्ही विधानांत सत्याचा अंश होता आणि प्रत्येक विधान एकटे अपुरे होते. मुलीने पहिलेच पान उतरवले असते, तर लखनौच्या त्या दोन संगीतप्रेमींची नावे तिच्या प्रकल्पातून पुसली गेली असती. दुसरेच पान उतरवले असते, तर भातखंडे यांचे नाव संस्थेला का दिले, हे कोडे तसेच राहिले असते.

दुसरा धोका सारख्या नावांचा. भातखंडे यांचे पहिले नाव विष्णु. त्याच काळात संगीताच्या प्रसाराचे मोठे कार्य करणारे आणखी एक महाराष्ट्रीय म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. केवळ 'पंडित विष्णु संगीत विद्यालय' असे लिहून शोध घेतला, तर दोघांची माहिती एकत्र येते आणि उतावळा वाचक एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळा होतो. याशिवाय भातखंडे यांच्या नावाने देशात निरनिराळ्या ठिकाणी संगीत विद्यालये चालतात. ती सर्व म्हणजे लखनौचे विद्यापीठ नव्हे. अशा वेळी पूर्ण नाव, गाव आणि साल या तिन्ही गोष्टी जुळतात का, ते पाहावे.

प्रत्येक पान वाचताना मुलांनी पुढील पाच प्रश्न विचारावेत, अशी सवय लावावी.

(१) कोणी लिहिले? लेखकाचे किंवा संस्थेचे नाव पानावर आहे का? त्यांचा या विषयाशी संबंध काय?
(२) केव्हा लिहिले? २०२२ पूर्वीच्या पानावर विद्यापीठाचे जुने नाव असणारच. ती चूक नव्हे, तो काळाचा फरक आहे.
(३) कशासाठी लिहिले? माहिती देण्यासाठी, वस्तू विकण्यासाठी, की कोणाची बाजू मांडण्यासाठी?
(४) कशाच्या आधारे लिहिले? लेखकाने आपले आधार सांगितले आहेत का?
(५) इतर कोण असे म्हणते? आणि ते स्वतंत्रपणे म्हणते, की एकमेकांचे उतरवून?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दहा पानांवर एकच वाक्य शब्दशः आढळले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार दहा वेळा बोलला, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत शोध घेणाऱ्यांना काही आधार चांगले उपयोगी पडतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर व मोबाइलवर वाचता येतो. त्यातील नोंदी त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यात कोणालाही लिहिता व दुरुस्ती करता येते. त्यामुळे तो शोधाची सुरुवात करण्यास सोयीचा आहे, परंतु शोध तेथेच थांबवू नये. लेखाच्या तळाशी दिलेले आधार पाहून पुढे जावे.

आणि सर्व काही पडद्यावरच मिळेल, असेही मानू नये. लखनौच्या मुलीला कैसरबागेत प्रत्यक्ष जाता येते. नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील परीखाना या वास्तूत आज हे विद्यापीठ आहे, हे डोळ्यांनी पाहता येते. तेथील नामफलक वाचता येतात, शिक्षकांना नम्रपणे विचारता येते. जवळच अमीर-उद-दौला सार्वजनिक ग्रंथालय आहे. पडद्यावर वाचलेले पायांनी जाऊन पडताळण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

६. शोधयंत्राविना केलेला शोध

ज्यांच्याविषयी मुलगी शोध घेत होती, ते भातखंडे स्वतः मोठे शोधकर्ते होते. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. ते कायदा शिकले, काही काळ वकिलीही केली. परंतु त्यांचे मन संगीतात होते. राग गाणारे अनेक होते, पण रागांचे नियम एकत्र, सुसंगत रीतीने लिहिलेले कोठे सापडत नव्हते. त्यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथ अभ्यासले. ग्रंथांतील वर्णन आणि प्रत्यक्ष गायन यांचा मेळ बसत नाही, असे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी ग्रंथ मिटवून ठेवले नाहीत आणि गायकांचे म्हणणेही नाकारले नाही. ते प्रवासाला निघाले. १९०४ मध्ये दक्षिण भारतात जाऊन त्यांनी तेथील विद्वानांशी चर्चा केली, हस्तलिखिते पाहिली, मेळपद्धती समजून घेतली. पुढे देशाच्या इतर भागांतही फिरून त्यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या आणि त्या स्वरलिपीत लिहून ठेवल्या. जमवलेली सामग्री पडताळून त्यांनी रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले.

'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला आणि त्याची मांडणी गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने केली. 'क्रमिक पुस्तक मालिका' या त्यांच्या सहा भागांमुळे बंदिशी सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी लखनौच्या कॉलेजचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे यांचे निधन झाले.

पाहा, जे शोध घेण्यासाठी त्यांनी आगगाडीने हजारो मैल प्रवास केला, त्यातील पुष्कळसे आज बोटाच्या एका स्पर्शाने समोर येते. साधन बदलले, पण पायऱ्या त्याच राहिल्या: प्रश्न मनात धरणे, अनेकांना विचारणे, म्हणण्यांची तुलना करणे, टिपून ठेवणे आणि मगच आपले मत बनवणे.

७. तयार उत्तर आणि आपले उत्तर

अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्यापूर्वीच एक तयार उत्तर लिहून दाखवतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले झाल्यापासून मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अशा साधनांना थेट प्रश्न विचारू लागली आहेत. उत्तराची भाषा सुबक असते आणि सूर आत्मविश्वासाचा असतो. परंतु ही साधने चुकतात. कधी दोन व्यक्तींची माहिती मिसळतात, तर कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही सांगतात. म्हणून तयार उत्तराला अंतिम उत्तर न मानता एक साक्ष मानावी आणि तिलाही वरील पाच प्रश्न विचारावेत.

तयार उत्तराचा दुसरा तोटा अधिक खोल आहे. दोन पाने परस्परांशी भांडताना दिसली, म्हणून त्या मुलीला 'स्थापना' या शब्दाचा अर्थ शोधावा लागला. तयार उत्तराने ते भांडण आधीच मिटवून टाकले असते, तर तिला एक वाक्य मिळाले असते. शिकणे मात्र राहून गेले असते.

टिपण घेताना मुलांना एक साधी पद्धत शिकवावी. वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारावी. डावीकडे मिळालेली माहिती लिहावी, उजवीकडे ती कोठे मिळाली ते आणि तारीख लिहावी. मग वही आणि मोबाइल दोन्ही मिटून, जे समजले ते आई-वडिलांना तोंडी सांगावे. जे सांगता येत नाही, ते समजलेले नाही. सांगून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल, तर ते अवतरणचिन्हांत लिहून कोणाचे ते सांगावे. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देणे ही चोरी आहे, हे मुलांना लहानपणीच कळावे.

८. मोठ्यांनी काय करावे?

शोधाच्या वेळी मुलाजवळ बसावे. मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात नव्हे, तर घरातील सर्वांच्या वावराच्या जागी वापरावा. शोधयंत्रातील सुरक्षित शोधाची सोय चालू ठेवावी. स्वतःचे नाव, पत्ता, शाळा, फोन क्रमांक किंवा छायाचित्र मागणाऱ्या पानावर काहीही लिहू नये, हे मुलांना निक्षून सांगावे. काही भीतिदायक किंवा अयोग्य दिसले, तर न घाबरता आपल्याला येऊन सांगण्याइतका विश्वास त्यांना वाटला पाहिजे. म्हणून अशा वेळी प्रथम रागावू नये.

आणि एक गोष्ट. मुलाने विचारले आणि आपल्याला ठाऊक नसले, तर तसे सांगण्यात कमीपणा मानू नये. "मला ठाऊक नाही, चल, शोधू या" हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, त्या घरात मूल प्रश्न विचारायला घाबरत नाही. आपली शाळा सुटली असेल, पण शिकणे सुटलेले नाही, हे आपण या वयात पुस्तक हाती घेऊन दाखवून दिलेच आहे. मुलांना शोध घ्यायला शिकवण्यासाठी याहून मोठी पात्रता लागत नाही.

पाठगत प्रश्न २

(१) दहा पानांवर एकच वाक्य शब्दशः आढळले, तर त्याचा अर्थ काय होतो?
(२) कॉलेजच्या स्थापनेविषयीची दोन विधाने अपुरी का होती?
(३) टिपण घेतल्यावर तोंडी सांगण्याचा उपयोग काय?

तुम्ही काय शिकलात?

• शोधयंत्र शब्दांशी जुळणारी पाने दाखवते. सत्याची हमी देत नाही.
• विषयातून आपला, नेमका प्रश्न तयार करणे ही शोधाची पहिली पायरी होय.
• शब्दांची निरनिराळी रूपे, जुनी नावे आणि दुसऱ्या भाषा वापरल्याने शोध समृद्ध होतो.
• कोणी, केव्हा, कशासाठी, कशाच्या आधारे लिहिले आणि इतर कोण तसे म्हणते, हे पाहून माहिती पारखावी.
• समजलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि आधार नोंदवावा.

स्वाध्याय

(१) भातखंडे यांच्या शोधकार्यातील आणि आजच्या शोधकार्यातील साम्ये व भेद लिहा.
(२) तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या जुन्या संस्थेविषयी एक नेमका प्रश्न तयार करा. त्यासाठी पाच शोधशब्द लिहा.
(३) घरातील किंवा शेजारच्या मुलासोबत त्या प्रश्नाचा शोध घ्या. परस्परांशी न जुळणारी दोन विधाने आढळल्यास ती लिहून, त्यांचा उलगडा कसा केला, ते आठ-दहा ओळींत सांगा.

शब्दार्थ

दुवा – एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी जोडणी
प्रायोजित – पैसे देऊन दाखवलेले
अभिमत विद्यापीठ – शासनाने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था
बंदिश – राग व तालात बांधलेली गीतरचना
स्वरलिपी – स्वर लिहून ठेवण्याची पद्धत

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीशी. (२) त्यातून नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते कळत नाही. (३) संस्थेचा जुना इतिहास जुन्या नावाखाली नोंदलेला असतो.
२. (१) एकाच मूळ पानावरून इतरांनी ते उतरवून घेतलेले असण्याचा संभव असतो. (२) एकात केवळ विचार व अभ्यासक्रम देणाऱ्याचे, तर दुसऱ्यात केवळ व्यवस्था उभी करणाऱ्यांचे श्रेय सांगितले होते. (३) किती समजले व काय समजायचे राहिले, ते कळते.